दुसरी उसळी

कोल्हापूर, रविवार

चि. सायलीस,

तुझं पहिलं सोलो, म्हणजे एकटीचं उड्डाण, पुढच्या आठवड्यात, असं ताईनं कळवलं. पेढ्यांची ऑर्डरही देऊन झाली म्हणे! मामा काही वैमानिक नव्हे. त्याची हयात हँगरमध्ये पान्हे फिरवण्यात गेली. तेव्हा हे पत्र पत्र्याच्या बाजूनं लिहिलेलं समज.

उतरताना आपटलेलं सेसना 172 हँगरमध्ये ओढून आणलं की मेकॅनिक आधी पंख्याच्या पात्यांची टोकं बघतो. ती वळलेली असली, तर नाक जमिनीला भिडलं होतं. मग तो इंजिनाचं झाकण काढून फायरवॉलवर हात फिरवतो. इंजिन आणि केबिन यांच्यामधला हा पत्रा. पुढच्या चाकाचा दणका त्यालाच बसतो. तिथं सुरकुती लागली, की शिकाऊ पोराला काही विचारावं लागत नाही. विमान उसळलं होतं आणि त्यानं नाक खाली दाबायला योक पुढं ढकलला होता.

पहिल्या उसळीनं सहसा काही बिघडत नाही. विमान टेकतं, पुन्हा हवेत जातं. नवशिक्याला वाटतं, आता दाबून बसवावं. पण त्याच्या दाबण्याचा परिणाम होईतो विमान आपणहून खाली निघालेलं असतं. पुढचं चाक आधी आपटतं, नाक आणखी वर जातं, हा पुन्हा दाबतो. हँगरमधलं बिल या दुसऱ्या-तिसऱ्या उसळीचं असतं.

मुळात उसळी येते ती बहुतेक वेळा जादा वेगानं. 172 चा शेवटच्या टप्प्यातला वेग साधारण 65 नॉट. तो दहा टक्के वाढला, तर जिरवायची ऊर्जा 21 टक्के वाढते. विमान धावपट्टीवर तरंगत राहतं आणि पोराचा धीर सुटतो.

आपली उजळाईवाडीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जवळजवळ 2000 फुटांवर. तुझी बारामतीही साधारण त्याच उंचीची. मे महिन्यातल्या दुपारी हवा विरळ होते. काटा 65 च दाखवतो, पण खालची जमीन जास्त वेगानं पळताना दिसते. डोळ्यांवर भरवसा ठेवून वेग कमी करणारा शेवटच्या वळणातच पंखांची उचल गमावून स्टॉलमध्ये सापडतो, आणि तिथं सावरायला उंची नसते.

पेढे सांगितले तरी ताईच्या मनात धास्ती आहे, आणि ती खोटी नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये 19 आणि 22 तारखेला, चारच दिवसांत, बारामतीजवळ दोन प्रशिक्षण विमानं कोसळली. 9 ऑगस्ट 2025 ला तिथंच एका विमानाच्या पुढच्या चाकानं दगा दिला. वैमानिक सुखरूप राहिला. सगळं काही शिकणाऱ्याच्या हातात नसतं. अमेरिकेत बेव्हर्ली इथं 2018 मध्ये सतरा वर्षांच्या मुलीच्या पहिल्याच सोलोत उड्डाण करताना चाक निखळलं. रेडिओवर प्रशिक्षकाचा आवाज ऐकत ती घिरट्या घालत राहिली, घाई न करता उतरली.

तुझ्या हातातलं एवढंच: उसळी मोठी असेल, तर पूर्ण थ्रॉटल, नाक जागच्या जागी, फ्लॅप टप्प्याटप्प्यानं वर, आणि पुन्हा एक फेरी. मैत्रिणी बघत असतात, म्हणून पोरं हे टाळतात. खासबागेच्या कुस्ती मैदानात डाव फसला तर पैलवान मागं सरून पुन्हा भिडतोच की. त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही. फार तर पाच-सात मिनिटं आणि थोडं इंधन जाईल.

उतरल्यावर ताईला फोन मात्र लगेच नको. आधी विमान जागेवर लाव, चाकांना चोक घाल, पुढच्या टायरवर एकदा नजर टाक. मग फोन.

तुझा,
मामा