'एक्स्क्यूज मी' : एक शब्दप्रयोग व त्याचे मराठी पर्याय

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी हा विषय २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. त्यामुळे शिष्टाचाराचे काही इंग्रजी शब्दप्रयोग लहान मुलांच्या तोंडी लवकर बसतात. 'एक्स्क्यूज मी' हा त्यांपैकी एक होय. पुष्कळदा त्याचा अर्थ 'मला क्षमा करा' एवढाच सांगून पाठ पुढे नेला जातो. हा अर्थ खोटा नाही. परंतु तेवढ्यावर थांबल्यास दोन तोटे होतात. एक तर मुलास तो प्रयोग योग्य प्रसंगी वापरता येत नाही. दुसरे असे की, आपल्या भाषेत एवढे सौजन्य नाहीच, असा ग्रह त्याच्या मनात घर करतो. हा दुसरा तोटा अधिक गंभीर आहे.

मूळ अर्थ व उच्चार

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'कौसा' म्हणजे खटला किंवा आरोप. तेव्हा 'मला दोषाबाहेर ठेवा' हा त्याचा मूळचा भाव होय. उच्चारात पहिला स्वर 'इ'कडे झुकतो व आघात 'क्यू'वर पडतो. शेवटचा 'ज' हा 'रोज' या शब्दातील आहे, 'जीव' या शब्दातील नव्हे. हाच शब्द 'सबब' या अर्थाने नाम म्हणून आला, तर त्याच्या शेवटी 'स' ऐकू येतो.

प्रसंगानुसार पर्याय

१. वाट मागताना : २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली व पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या प्रवाशांची गर्दी या मार्गाने जोडली गेली. तेथे मराठी माणूस 'दादा, जरा वाट द्या' किंवा 'मावशी, उतरणार का?' असे म्हणतो. 'उतरणार का?' हा वरवर प्रश्न आहे. परंतु 'उतरणार नसाल, तर मला पुढे येऊ द्या' ही विनंती त्यात आहे. तिघांच्या बाकावर चौथ्यास बसावयाचे असल्यास 'जरा सरकता का?' एवढे पुरते.

२. अनोळखी व्यक्तीचे लक्ष वेधताना : 'अहो काका, मुलुंडची गाडी कोणत्या फलाटावर येते?' येथे 'अहो काका' हेच 'एक्स्क्यूज मी' होय.

३. दुसऱ्याच्या बोलण्यात शिरताना : 'तुमचे बोलणे तोडतो, राग मानू नका.' वडीलधाऱ्यांपुढे मतभेद मांडताना 'लहान तोंडी मोठा घास घेतो' असेही म्हणतात.

४. मंडळींतून उठताना : निघणारा 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. पंगतीतून आधी उठणारा 'सावकाश होऊ द्या' असे सांगतो.

५. नीट ऐकू न आल्यास : 'काय म्हणालात?' येथे स्वरास महत्त्व आहे. सौम्य स्वरात ही विचारणा असते. तीव्र स्वरात तोच राग ठरतो. इंग्रजी प्रयोगाचेही तसेच आहे.

'सॉरी' या शब्दाशी याची गल्लत होऊ देऊ नये. सामान्यतः त्रास देण्यापूर्वी 'एक्स्क्यूज मी' व त्रास दिल्यावर 'सॉरी' म्हणतात. अमेरिकेत मात्र चुकून धक्का लागल्यावरही 'एक्स्क्यूज मी' म्हणण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे पाय लागल्यास माणूस हात लावून नमस्कार करतो. तेथे शब्दाची गरजच उरत नाही.

वरील उदाहरणांवरून एक तत्त्व निघते. इंग्रजीत हे सौजन्य एका ठरीव प्रयोगात साठविलेले आहे. मराठीत ते 'अहो', नात्याचे संबोधन, 'जरा', आदरार्थी क्रियापद आणि शेवटचा 'का' यांत वाटून दिलेले आहे. म्हणूनच 'क्षमा करा, मला जाऊ द्या' हे शब्दशः भाषांतर गर्दीत कृत्रिम वाटते.

वर्गपाठ

प्रथम मराठीपासून आरंभ करावा. एस.टी. स्थानक, पिठाची गिरणी, आठवड्याचा बाजार असे प्रसंग सांगून 'तुम्ही तेथे काय म्हणाल?' असे विचारावे. उत्तरे मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावीत. एखादे मूल 'वाईच सरकता का?' म्हणाले, तर त्यास हसू नये व इतरांस हसू देऊ नये. त्या वाक्यात आदर व विनंती दोन्ही आहेत. त्यानंतर प्रत्येक उत्तरासमोर इंग्रजी प्रयोग लिहावा. शेवटी दोन बाकांमध्ये अरुंद वाट ठेवून मुलांकडून प्रसंग करवून घ्यावेत.

उद्या हेच मूल शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बोरिवलीच्या गर्दीत उभे राहील. शेजारच्याचे 'एक्स्क्यूज मी' त्यास समजले पाहिजे व स्वतःही ते न अडखळता म्हणता आले पाहिजे. त्याचबरोबर 'दादा, जरा वाट द्या' म्हणताना त्यास संकोच वाटता कामा नये. दोन्ही साधले, तरच हा पाठ सफल झाला असे समजावे.

स्वाध्याय

(अ) वरील पाच प्रसंगांसाठी आपल्या गावच्या बोलीतील एकेक वाक्य मुलांकडून मिळवा.
(आ) 'सरक', 'सरका', 'जरा सरकता का?' यांतील फरक मुलांना त्यांच्या शब्दांत सांगावयास लावा.
(इ) 'एक्स्क्यूज मी' व 'सॉरी' यांचे प्रत्येकी दोन प्रसंग मुलांकडून करवून घ्या.