पटेल असं लिहायचं कसं?

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



या पंधरवड्याच्या अभ्यासाला विषय जरा वेगळा घेतला आहे : आपलं म्हणणं समोरच्याला पटेल असं लेखी कसं मांडायचं. सेवेच्या कामात हे सारखं लागतं. हॉलची परवानगी, मुख्याध्यापकांना पत्र, वॉर्ड ऑफिसला अर्ज (आपल्या इथल्या कन्नडात 'मनवी'). बहुतेक अर्ज "आम्हांला फार त्रास होतो, तरी कृपा करून विचार व्हावा" एवढ्यावर थांबतात. त्रास खराच असतो, पण वाचणाऱ्याच्या टेबलावर त्रासाच्याच कागदांचा ढीग असतो.

न्यायशास्त्रात म्हणणं मांडायच्या पाच पायऱ्या आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. नावं जड वाटली तरी दाखला घरचाच आहे. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त तो असा येतो. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. का, तर धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावर तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे अग्नी आहे, हे निगमन. एवढे मोठे पंडित, पण दाखल्यासाठी चुलीपाशीच आले, याचं मला फार कौतुक वाटतं!

यात 'जिथे धूर तिथे अग्नी' ही जी सांगड आहे तिला व्याप्ती म्हणतात, आणि सगळा भार तिच्यावर असतो. ती उलटी केली की मोडते. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. त्यासाठी शास्त्रात तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देतात, आपण गॅसची शेगडी बघावी. अर्जात अशा कच्च्या सांगडी खूप असतात. "पलीकडच्या गल्लीत रस्ता झाला, आमच्यात नाही, म्हणजे नक्की वशिला." असेलही. पण तो धूर आहे की धुकं, हे आधी बघायला हवं.

लेखी मांडणीचा मला सर्वांत आवडणारा नमुना म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदन. तेव्हा धारवाड जिल्हाही मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे आपल्या पणजोबांच्या गावांचाही प्रश्न त्यात होता. आधी ते आपण कोण हे सांगतात : मुलींची शाळा काढली, स्वतः शिकवलं. मग हेतू. सरकारचा मोठा महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. इथे नीट बघा. 'गरिबांवर दया करा' असं ते म्हणत नाहीत. सरकारला स्वतःचाच जमाखर्च दाखवतात, आणि तो सरकारला नाकारता येत नाही. वाचणारा जे आधीच मानतो, तिथूनच सुरुवात.

त्या वेळी असं म्हणत की वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपते. जोतीराव हे मत लपवत नाहीत. ते उघड मांडतात आणि विचारतात, असं झाल्याचं एक तरी उदाहरण दाखवा. शेवटी मागणीही मोघम नाही : निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षकाला कमीत कमी १२ रुपये पगार द्या, आणि मोडी, बालबोध, हिशेब, थोडी शेतीची माहिती शिकवा. हे सगळं तेव्हा मान्य झालं नाही. सक्तीचं शिक्षण संपूर्ण बडोदा संस्थानात सयाजीरावांनी १९०६ साली आणलं. चांगली मांडणी लगेच जिंकतेच असं नाही.

समोरच्याचं म्हणणं आधी मांडणं, याला आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणतात. गीता घ्या. अर्जुनाचं म्हणणं किती सविस्तर येतं! आप्त, गुरुजन, कुलधर्म, सगळं तो बोलून घेतो. भगवंत मध्ये दोन शब्द रागावतात, पण खरा उपदेश दुसऱ्या अध्यायाच्या ११ व्या श्लोकापासून. तोवर अर्जुनाची बाजू इतकी पक्की झालेली असते की आपल्यालाही ती पटू लागते. आपण मात्र पूर्वपक्ष असा लंगडा लिहितो की त्याला उत्तर देण्यात काही अर्थच उरत नाही.

आता आपल्या पाण्याच्या अर्जाकडे येऊ. आमच्या भागात पाणी काही दिवसांआड येतं, आणि येतं ते रात्री अडीचला. एकट्या राहणाऱ्या ७८ वर्षांच्या आजी त्या वेळी बादल्या भरतात. गटात आलेल्या मसुद्यात "महिलांचे अतोनात हाल, सत्वर दखल घ्यावी" असं होतं. आजींचं राहू दे, ते लिहायलाच हवं. पण इंजिनिअरसाहेबांना स्वतःला बोचेल असा हेतू वेगळा आहे : रात्री अनेकांना जाग येत नाही, नळ उघडे राहतात आणि पाणी गटारात जातं. काही काकूंचं म्हणणं, हे कशाला लिहायचं, दोष आपल्यावरच येईल. मला वाटतं, लिहावं. खरं आहे, आणि वॉल्व्हमनला ते आधीच ठाऊक आहे. आपण दडवलं तर बाकीच्या अर्जावरचाही विश्वास जाईल.

पूर्वपक्षही मोठा आहे. आपल्याला पहाटे दिलं तर दुसऱ्या कुठल्या गल्लीला अडीचला उठावं लागणार. तिथेही कोणी आजी असतील. म्हणून "आमची वेळ बदला" एवढंच न मागता "वेळेची पाळी दर महिन्याला फिरवा" असं मागूया. यामुळे आपल्यालाही काही महिने रात्री जागावं लागेल, हे सर्वांनी समजून सही करावी.

फक्त उदाहरणाची जागा अजून रिकामी आहे. किती घरांत संप आहे, किती घरांत नाही, मागच्या वेळी किती नळ उघडे राहिले, हा आकडा घरोघरी विचारून रविवारच्या आरतीआधी द्यावा. अंदाज नको, मोजून. आकडा आला की कन्नड मसुदा करायला घेऊ.