जुनी जीप, मित्राचं काम आणि ७४ हजारांचा धडा



"सर, मला जुन्या जीपची आवड आहे. रिस्टोरेशनचा धंदा सुरू करू का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. माझं उत्तर एकच असतं: करा, पण "किती होतील?" या प्रश्नाला गाडी खोलायच्या आधी उत्तर देऊ नका. हे मी कुठल्या पुस्तकात शिकलो नाही, बीबीएतही नाही. ७४ हजार रुपये घालवून शिकलो. आजच्या धड्यात तोच हिशेब मांडतो.

काय झालं होतं?

माझं कऱ्हाडला स्पेअर पार्टचं दुकान आहे. मागच्या बाजूला शेड आहे. आम्ही सात जण दर महिन्याच्या एका रविवारी तिथे जमायचो. कुणाची जिप्सी, कुणाची सीएल, कुणाची एमएम ५४०. कुणी शेतकरी, एक शिक्षक, एक बँकेत. चहा, वडापाव आणि हाताला ग्रीस. त्यातल्याच एकाने एमएम ५४० घेतली. ही महिंद्राची १९८५ च्या सुमाराची गाडी. तिच्यात प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन येतं. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, २११२ सीसी. इंजिन दणकट, पण गाडी अनेक वर्षं गोठ्याशेजारी उभी होती.

तो म्हणाला, "भावा, तूच कर. किती होतील?" मी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बोलून गेलो, "एक ऐंशीत बसवू. तीन महिन्यांत देतो."

बॉडी उचलली तेव्हा चेसिसच्या दोन्ही पट्ट्या पाट्यांच्या हँगरपाशी आतून गंजलेल्या निघाल्या. वरून जाड काळा रंग, आत भुगा. आमचे मिस्त्री हातोडी खाली ठेवून एवढंच म्हणाले, "मालक, आकडा आधी सांगितलात का?"

शेवटचा हिशेब असा झाला:

- पार्ट: ९६,०००
- बाहेरची कामं (चेसिस वेल्डिंग, लेथ, पेंट): ६८,०००
- मजुरी: ७२,०००
- नऊ महिने अडकलेल्या जागेचं भाडं: १८,०००
- एकूण: २,५४,०००
- मिळाले: १,८०,०००

तोटा ७४,०००. शिवाय तीन महिन्यांचे नऊ महिने झाले. त्याला वाटलं मी टाळतोय, मला वाटलं त्याला जाण नाही. आम्ही दोघंही एकमेकांवर चिडून होतो, पण चूक माझी होती. आकडा मी दिला होता.

धडा १: काम तीन टप्प्यांत विका

तेव्हापासून आम्ही एकदम "पूर्ण गाडी"चा भाव देत नाही.

पहिला टप्पा तपासणी. त्याची ठराविक फी, आमच्याकडे ३,००० रुपये. दोन दिवस गाडी आमच्याकडे राहते आणि मालकाला लेखी रिपोर्ट आणि फोटो मिळतात. पुढचं काम त्याने दुसरीकडे केलं तरी चालेल.

दुसरा टप्पा खोलणी. बॉडी चेसिसवरून उचलायची, प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावायची. याचेही वेगळे पैसे. गंज खरा कुठे आहे ते इथेच कळतं.

तिसरा टप्पा एस्टिमेट, तेही तीन रकान्यांत. "केलंच पाहिजे" यात ब्रेक, स्टिअरिंग, चेसिस. "करावं" यात गिअरबॉक्सचे सील, वायरिंग. "थांबू शकतं" यात पेंट, सीट, हूड. वर १५ टक्के राखीव, आणि ते वापरायच्या आधी मालकाला फोन. लोकांना खर्च झेपतो, पण मध्येच वाढलेला आकडा झेपत नाही.

धडा २: तपासणीत काय बघायचं?

आमची यादी देतो. लिहून घ्या.

१. चेसिसवर छोट्या हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज म्हणजे लोखंड शाबूत. भद्द आवाज आला तर तिथे पेन्सिलने खूण करा. पाट्यांचे हँगर आणि बॉडी माउंटच्या जागा आधी बघा, कारण चिखल तिथेच साठतो.

२. पुढची चाकं थरथरतात का? बरेच जण लगेच अलाइनमेंटला पळतात. आधी पुढचं चाक उचलून वर-खाली हलवा. खेळ असेल तर किंगपिन बेअरिंग, टाय रॉड एंड आणि शॅकलचे बुश बघा.

३. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. ब्रीदर तुंबलाय का तेही तपासा.

४. फोर बाय फोर टाकून बघा, पण मातीच्या मैदानात. या जुन्या जीपमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोरमध्ये वळलात तर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक कुठेच सुटत नाही आणि सगळा ताण क्रॉस आणि गिअरवर येतो. हाय आणि लो दोन्ही टाकून बघा. लिव्हर आपोआप बाहेर येत असेल तर ट्रान्सफर केसचं काम निघालं समजा.

५. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका. खाली घोडी लागलीच पाहिजे. यात मित्र, हौस, घाई काही चालत नाही.

धडा ३: कागद आधी, पाना नंतर

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचा. जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेलं असणं अगदी कॉमन आहे. ते आरसीवर चढवलेलं नसेल तर अडचण तुमच्या दारात येणार. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. म्हणून "मोठं इंजिन बसवून द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी आरटीओत पाठवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. ते झालंय का बघा.

५० वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नियमांखाली वेगळी नोंदणी होऊ शकते. नंबरमध्ये 'व्हीए' येतं, नोंदणी १० वर्षं चालते. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले असतील तर ती त्यात बसत नाही. म्हणजे काय? एखाद्या जुन्या विलीजवर तुम्ही हौसेने चुकीचं काम केलंत, तर मालकाची ही संधी तुमच्या हातून जाईल.

धडा ४: ग्रुप हे भांडवल आहे, फुकट मजूर नाही

एकट्याने हा धंदा जमत नाही. पार्ट शोधणं हेच अर्धं काम आहे. आमच्यातला एकजण दिल्लीच्या मायापुरीत जाऊन गिअरबॉक्स घेऊन येतो, दुसऱ्याची कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळख आहे. जो बुश किंवा ब्रॅकेट बाजारात मिळत नाही, तो नमुना देऊन तिथून करून घेतो. सात जणांसाठी एकत्र सील आणि बुश मागवले की भावही कमी होतो. पुलर आणि हब नटचे मोठे पाने सामाईक घेतलेत.

पण नियम ठरवा. रविवारी जो हात लावेल तो शिकायला लावेल. गिऱ्हाइकाच्या गाडीवर मित्राकडून फुकट काम नाही. आणि मित्राची गाडी असेल तर बिल पूर्ण भावाने बनवा, खाली "मित्र म्हणून सूट: ५,०००" अशी वेगळी ओळ लिहा. सूट दिसली पाहिजे. भावातच कमी केलीत तर ती त्याला दिसत नाही आणि तुम्हाला मात्र टोचत राहते.

धडा ५: खरा पैसा देखभालीत

रिस्टोरेशन वर्षाला तीन-चार गाड्यांचं होतं. शेडचं भाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं. म्हणून गाडी देताना देखभालीचा वर्षाचा करार विका: पावसाळ्याआधी आणि नंतर चेसिसखालून धुणं आणि गंजरोधक कोट, क्रॉस आणि शॅकलला ग्रीस, ब्रेकचे रबर, ओढ्यातून गाडी गेली असेल तर डिफरन्शियल ऑइल तपासणी. मालकाला सांगा, महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडा वेळ फोर बाय फोर टाका, म्हणजे आतले भाग तेलात फिरतात आणि लिव्हर जाम होत नाही.

शेवटी

ती एमएम ५४० आजही रस्त्यावर आहे. मागच्या पावसात कोयनेच्या वाटेवर दिसली, मस्त चालत होती. मालकाने हात केला, पण थांबला नाही. रविवारी तो आता येत नाही. ७४ हजार मी पुढच्या दोन कामांत भरून काढले, पण एक माणूस कमी झाला तो झालाच. त्या दिवशी मी "आधी खोलून बघू, मग सांगतो" म्हटलं असतं तर तो दोन मिनिटं नाराज झाला असता, एवढंच.

तुमचा गृहपाठ: जीपचं राहू द्या, तुमचा जो धंदा आहे त्यात असं कुठलं काम आहे ज्याचा भाव तुम्ही आत न बघता सांगता? शिलाई, फर्निचर, केटरिंग, काहीही. आज त्याचे तीन टप्पे वहीत लिहा आणि पहिल्या टप्प्याला फी लावा. पुढचं गिऱ्हाईक "किती होतील?" म्हणालं की ती वही उघडा.

भेटू पुढच्या धड्यात.