मांजराच्या लघवीचा वास कमी झाला, तरी दाखवायला आणा

‘डॉक्टर, हल्ली लघवीला फार उग्र वास येतो,’ ही तक्रार मला नेहमी ऐकू येते. वास कमी झाला म्हणून मांजर घेऊन कुणी सहसा येत नाही. खरी काळजी मला त्याच मांजरांची वाटते.

मांजराचे पूर्वज रखरखीत प्रदेशातले. पाणी जपून वापरायची मूत्रपिंडांची सवय अजून तशीच आहे, म्हणून निरोगी मांजराची लघवी दाट, पिवळी आणि तीव्र वासाचीच असते. पेटीत ती काही तास राहिली की जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि नाकाला झोंबू लागतं. वयात आलेल्या बोक्याचा भपकारा आणखी वेगळा. फेलिनीन नावाच्या अमिनो आम्लापासून गंधकयुक्त द्रव्यं तयार होतात, त्यांचा तो वास. नसबंदीनंतर तो बराच ओसरतो. यातलं काहीही आजार नव्हे.

आता आठ-दहा वर्षांच्या मांजराकडे बघा. पेटीतले ओले गोळे मोठे होऊ लागलेत, वास फिका पडलाय, पाण्याचं भांडं लवकर रिकामं होतंय. घरच्यांना बरंच वाटतं, पण लघवी दाट करण्याची मूत्रपिंडांची ताकद कमी झाल्याची ही खूण असू शकते. जुनाट किडनीविकार, मधुमेह, थायरॉईड वाढणं, तिन्हींत असं दिसतं. भांडं मोजून भरा. दिवसभरात वजनाच्या दर किलोमागे 50 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल, म्हणजे चार किलोच्या मांजराला 200 च्या वर, तर रक्त आणि लघवी दोन्ही तपासायला हवीत. मधुमेही मांजर खाईनासं झालं, उलट्या करू लागलं आणि तोंडाला किंवा लघवीला गोडसर वास आला, तर त्याच दिवशी आणा.

लघवीत रक्त, थोडी थोडी लघवी, पेटीबाहेर बसणं, हे दिसलं की लोक ‘इन्फेक्शन’ म्हणतात. म्हाताऱ्या मांजरात ते खरंही ठरतं. तरुण मांजरात मात्र बहुतेक वेळा जंतू सापडतच नाहीत. फटाके, रंगकाम, पाहुणे, घरात आलेलं नवं मांजर अशा ताणानंतर मूत्राशयाला सूज आलेली असते. म्हणून घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल तर मुळीच नको. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

आणि बोक्यांबद्दल हे नीट वाचा. बोका पुन्हा पुन्हा पेटीत बसतो, कुंथतो, ओरडतो, लघवीची जागा चाटतो आणि थेंबही येत नाही. पेटी कोरडी, वास नाहीच. अनेकांना हा बद्धकोष्ठ वाटतो आणि घरगुती उपायांत रात्र जाते. खड्याने किंवा चिकट बुचाने मार्ग बंद झाला असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. पोट दाबून बघू नका, सकाळची वाट बघू नका. रात्री उघडा असलेला दवाखाना गाठा.

रोजच्या काळजीत पाणी सगळ्यात महत्त्वाचं. कोरड्या खाद्यात पाण्याचा अंश जेमतेम 10 टक्के असतो, ओल्यात 75 च्या वर. त्यामुळे निदान एक वेळ तरी ओलं खाणं द्या. जितकी मांजरं, त्याहून एक पेटी जास्त ठेवा. ती फिनेलने धुऊ नका. त्यातली फिनॉल द्रव्यं मांजराच्या यकृताला पेलत नाहीत, आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. साबण आणि गरम पाणी पुरे.

तपासायला येताना लघवीचा नमुना आणता आला तर उत्तम. स्वच्छ धुतलेल्या पेटीत नेहमीच्या लिटरऐवजी फिशटँकचे धुतलेले खडे पसरा, लघवी झाली की सिरिंजने उचला आणि एक-दोन तासांत आणा, तोवर फ्रिजमध्ये ठेवा. जंतूंच्या कल्चरसाठी हा नमुना चालत नाही. त्यासाठीचा नमुना आम्ही बारीक सुईने थेट मूत्राशयातून घेतो, आणि बहुतेक मांजरं ते शांतपणे घेऊ देतात.