दीर्घवर्तुळाची चाल

व्यायाम हा शब्द उच्चारला कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें तालमींतील तांबडी माती, मल्लखांब, जोर-बैठका अथवा शाळेच्या मैदानावरील शर्यती उभ्या राहतात. हे सर्व प्रकार उत्तम आहेत, यांत शंका नाहीं. परंतु ज्यांचे गुडघे जिना चढतांना कुरकुरतात, ज्यांस डॉक्टरांनीं धांवण्याची मनाई केली आहे, अथवा ज्यांस कांहीं दिवस समुद्रावर जहाजांत काढावयाचे आहेत, अशांनीं काय करावें? घरांतील आजी-आजोबांनीं पाय दुखतात म्हणून फिरणें सोडलें, कीं हळूहळू बाजार सुटतो, नातलगांकडील जाणें-येणें सुटतें, आणि शेवटीं त्यांचें जग एका खुर्चीपुरतें उरतें. हा प्रश्न तेव्हां साऱ्या कुटुंबाचा आहे. त्याचें एक अर्वाचीन उत्तर म्हणजे ‘एलिप्टिकल’ नांवाचें व्यायामयंत्र होय. त्याची रचना, त्याचे गुण व त्याच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम नांवाचा अर्थ पाहूं. एलिप्स म्हणजे दीर्घवर्तुळ. कागदावर दोन टांचण्या टोंचून त्यांभोंवतीं दोऱ्याचा एक सैल फांस टाकावा आणि पेन्सिलीनें तो ताणून धरून पेन्सिल सभोंवार फिरवावी, म्हणजे दीर्घवर्तुळ उमटतें. मंगळ हा ग्रह सूर्याभोंवतीं अशाच मार्गानें फिरतो, हें केप्लर ह्या ज्योतिर्विदानें १६०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखवून दिलें. जी आकृति आकाशांत ग्रहाच्या वाटेंत सांपडते, जवळजवळ तीच ह्या यंत्रावर मनुष्याच्या पावलाच्या वाटेंत सांपडते.

ती कशी उत्पन्न होते, हें समजण्यास आगगाडीच्या जुन्या वाफेच्या एंजिनाचें स्मरण करावें. त्याच्या दांड्याचें एक टोंक चाकाला जोडलेलें असे; तें वर्तुळांत फिरे. दुसरें टोंक दट्ट्याच्या बाजूस असे. तें सरळ रेषेंत मागें-पुढें जाई. मग दांड्याच्या मधल्या भागानें काय करावें? तो धड वर्तुळांतही फिरत नाहीं, धड सरळही जात नाहीं. तो लांबट, चपट्या वर्तुळांत फिरतो. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग घरीं अवश्य करून पाहावा. २० सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची तबकडी फळीवर मध्यभागीं खिळ्यानें बसवावी; ५० सेंटिमीटर लांबीच्या पट्टीचें एक टोंक तबकडीच्या कडेस टांचावें, व दुसरें टोंक तबकडीच्या मध्याकडे रोखलेल्या सरळ खांचेंत सरकतें ठेवावें. पट्टीच्या बरोबर मध्यावर भोंक पाडून त्यांत पेन्सिल धरावी व तबकडी फिरवावी. पेन्सिलीनें काढलेली आकृति २० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर उंच भरेल. ती गणिती दृष्टीनें अगदीं शुद्ध दीर्घवर्तुळ नव्हे, पण त्याच्या फार जवळची आहे. एलिप्टिकल यंत्रांत हेंच तत्त्व आहे. पाय ठेवण्याच्या पट्टीचें एक टोंक चाकाबरोबर फिरतें, दुसरें रुळावर किंवा झुलत्या दांड्यावर पुढें-मागें सरतें, आणि पाऊल मध्यें कोठें तरी असल्यामुळें तें दीर्घवर्तुळ काढीत जातें. हातांसाठीं दोन उभे दांडे असतात. तेही पायांच्या तालावर हालतात.

आतां ह्या चालीचा लाभ काय, तें पाहूं. आपण धांवतों तेव्हां प्रत्येक पावलागणिक असा एक क्षण येतो, कीं ज्या वेळीं दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. त्या क्षणानंतर शरीराचा सारा भार एका पायावर आदळतो, आणि जमीन त्या पायाला शरीराच्या वजनाच्या सुमारें दुप्पट ते तिप्पट जोरानें उलट धक्का देते. ६० किलो वजनाच्या मनुष्याच्या बाबतींत हा जोर १२० ते १८० किलो भाराइतका होतो. आणि एक किलोमीटर धांवण्यांत अशीं सुमारें हजार पावलें पडतात. चालतांना एक पाय नेहमीं जमिनीवर असल्यामुळें हा जोर वजनाहून थोडासाच अधिक असतो. एलिप्टिकल यंत्रावर तर पाऊल पट्टीपासून उचललेंच जात नाहीं. म्हणून आदळणें असें उरतच नाहीं. हृदय व फुप्फुसें मात्र आपलें काम पूर्ण करितात. परिश्रम सारखेच ठेविले, तर ट्रेडमिलवर धांवतांना नाडी जितकी चढते, जवळजवळ तितकीच ती येथेंही चढते.

येथें कोणी असें विचारील, कीं गुडघा दुखत असतां त्याला विश्रांति देणें हेंच बरें नव्हे काय? पायांतील जुनें यंत्र झिजूं नये म्हणून तें बंद ठेवावें, असा समज पुष्कळ घरांत आहे. परंतु शरीर हें लोखंडाचें यंत्र नव्हे. सांध्यांतील हाडांच्या टोंकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यांत रक्तवाहिन्या नसतात. तिचें पोषण सांध्यांतील द्रवापासून होतें. सांधा हालतो, कूर्चेवर भार पडतो व सुटतो, आणि ओल्या स्पंजाप्रमाणें द्रव तिच्यांत आंतबाहेर खेळतो. शिवाय मांडीचे स्नायू बळकट असले, तर गुडघ्याचा पुष्कळसा ताण ते स्वतःवर घेतात. म्हणूनच गुडघ्याच्या संधिवातांत योग्य व्यायाम हा पहिल्या प्रतीचा उपचार होय, असें आजचें वैद्यकशास्त्र सांगतें. जें टाळावयाचें तें हालचाल नव्हे, तर सांध्याला न सोसणारा धक्का होय.

यंत्रांच्या साह्यानें व्यायाम करण्याची कल्पना जुनी आहे. स्वीडनमधील गुस्ताव झांडर (१८३५–१९२०) ह्या वैद्यानें १८६५ सालीं स्टॉकहोम येथें अशा यंत्रांची संस्था स्थापिली, आणि १८७६ सालच्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत तीं यंत्रें जगापुढें मांडिलीं. पुढें हीं यंत्रें समुद्रावरही गेलीं. १९१२ सालच्या एप्रिलांत बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या वरच्या डेकवर एक व्यायामशाळा होती. तींत वल्हीं मारण्याचें यंत्र होतें, एका जागीं फिरणाऱ्या सायकली होत्या, आणि विजेवर चालणारे घोडा व उंटही होते. १५ एप्रिलच्या त्या मध्यरात्रीं होड्यांची वाट पाहणारे कांहीं प्रवासी थंडी टाळण्याकरितां ह्याच व्यायामशाळेंत थांबले होते. आज आपण ज्याला एलिप्टिकल म्हणतों, तें यंत्र प्रीकॉर ह्या अमेरिकन कंपनीनें १९९५ सालीं बाजारांत आणिलें, आणि अल्पावधींतच तें जगभर पसरलें. आजच्या मोठ्या प्रवासी जहाजांवरील व्यायामशाळांत तें हमखास आढळतें.

जहाजावर ह्या यंत्राचा विशेष उपयोग काय? जलपर्यटनांत खाणें वारंवार व भरपूर असतें, आणि लिफ्ट हाताशीं असल्यामुळें चालणें बेताचें होतें. धांवावें तर डेक ओला, गर्दीचा, शिवाय पायांखालची जमीनच डोलणारी. ट्रेडमिलवर धांवतांना जहाजानें अंग टाकिलें, तर तोल जाण्याचें भय असतें. कारण त्या क्षणीं पाय कदाचित् हवेंत असतील. एलिप्टिकलवर दोन्ही पाय टेकलेले व दोन्ही हात दांड्यांवर असतात, म्हणून हें भय कमी. तरीही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जहाजाचें डोलणें मध्यभागीं व खालच्या मजल्यांवर कमी, आणि वर व टोंकांकडे अधिक जाणवतें; व्यायामशाळा तर पुष्कळदां वरच्याच मजल्यावर असते. समुद्र खवळला असतां यंत्रावर चढूं नये. मळमळूं लागल्यास त्वरित उतरावें, आणि उघड्यावर उभें राहून क्षितिजाकडे दृष्टि लावावी. समुद्र शांत असेल त्या दिवशीं डेकवर फिरावें व एक-दोन मजले जिन्यानेंच चढावे. यंत्र हें त्यास पूरक समजावें.

घरीं हें यंत्र आणूं इच्छिणाऱ्या पालकांस दोन शब्द. यंत्र जड असतें व पुष्कळ जागा अडवितें. शिवाय पट्टीवर उभें राहिल्यानें मनुष्य जमिनीपासून वर उचलला जातो. म्हणून छत व पंखा डोक्यापासून किती दूर राहतात, तें आधीं मोजावें. लहान मुलांचीं बोटें हालत्या भागांत सांपडूं नयेत, याची दक्षता घरांतील सर्वांनीं घ्यावी. बहुतेक यंत्रांत एक जड चाक असतें व त्याच्याजवळ लोहचुंबक असतात. धातूचें चाक चुंबकासमोरून फिरूं लागलें, कीं त्यांत भोंवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात, आणि ते चाकाच्या गतीस विरोध करितात. चुंबक जवळ सरकविला कीं चढ लागल्यासारखें वाटतें. दूर नेला कीं चाल हलकी होते. घांसणारा असा कांहीं भाग त्यांत नसल्यानें आवाज थोडा व झीजही थोडी. यंत्राच्या पडद्यावर ‘इतक्या कॅलरी जळाल्या’ असे आंकडे उमटतात. ते केवळ अंदाज असतात, व पुष्कळदां वास्तवापेक्षां मोठे असतात. त्या आंकड्यांच्या भरंवशावर कोणीं जास्तीचा लाडू खाऊं नये.

व्यायामाची रीति साधी आहे. पाठ ताठ ठेवावी, दांड्यांवर शरीराचा भार टाकूं नये, पावलें पूर्ण टेकवावीं. आरंभीं ५ ते १० मिनिटें हलक्या चालीनें पुरे. पुढें आठवड्या-आठवड्यानें वेळ वाढवावा. परिश्रम किती असावे, याची कसोटी अशी : शेजाऱ्याशीं बोलतां येईल, पण गाणें म्हणतां येणार नाहीं, इतपत दम लागावा. पाऊल सतत टेकलेलें असल्यामुळें बोटांस मुंग्या येतात. मधून मधून तीं हालवावीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम परिश्रमाचा व्यायाम, आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगितले आहेत. १५० मिनिटें म्हणजे आठवड्यांतून ५ दिवस अवघा अर्धा तास. छातींत दुखूं लागल्यास किंवा घेरी आल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांस दाखवावें; आणि हृदयाचा वा सांध्यांचा जुना विकार असणारांनीं आरंभापूर्वींच त्यांचा सल्ला घ्यावा.

इतके गुण वर्णिल्यावर मर्यादाही सांगणें अवश्य आहे, आणि ती विशेषतः विद्यार्थ्यांनीं ऐकावी. जो धक्का आजोबांच्या गुडघ्यास नको, तोच धक्का नातवाच्या हाडांस हवा असतो. हाडांवर भार पडला, तरच तीं घट्ट होतात. अंतराळांत वजनच जाणवत नसल्यामुळें अंतराळवीरांच्या भार वाहणाऱ्या हाडांची घनता दरमहा सुमारें १ टक्का घटते. ती हानि रोखण्याकरितां अंतराळस्थानकावर त्यांस पट्ट्यांनीं बांधून ट्रेडमिलवर धांवावें लागतें, आणि रोज सुमारें २ तास व्यायामांत घालवावे लागतात. मनुष्याच्या हाडांची पुंजी मुख्यतः बालपणीं व किशोरवयांत सांठते. पुढें जन्मभर ती पुरवून खावयाची असते. म्हणून ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी ६० मिनिटें खेळावें, आणि आठवड्यांतून निदान ३ दिवस हाडें बळकट करणारा व्यायाम करावा, असें तीच संघटना सांगते. दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो, कबड्डी ह्यांत तो आपोआप घडतो. मुलांनो, तुमच्यासाठीं मैदान मोकळें असतां यंत्रावर उभे राहूं नका!

तात्पर्य हें कीं, व्यायाम मनुष्य पाहून ठरवावा. ज्याच्या घरीं हें यंत्र नाहीं, त्यानें खंत करूं नये. सपाट रस्त्यावर सावकाश चालणें, पाण्यांत पोहणें, सायकल फिरविणें हे सर्व सांध्यांस सौम्य असेच व्यायाम आहेत, आणि चालण्यास तर एक पैही लागत नाहीं. यंत्र विकत घेणारानें मात्र तें कपडे वाळत घालण्याची खुंटी होऊं देऊं नये. आमच्या बालवाचकांस शेवटीं एकच विनंति आहे. आज सायंकाळीं खेळून घरीं परतल्यावर, खुर्चींत बसलेल्या आजी-आजोबांचा हात धरा आणि त्यांस अंगणांत दहा मिनिटें फिरवून आणा. ते ‘नको’ म्हणतील; तरी उद्यां पुन्हां विचारा.