जुने इंजिन आणि सफाईची बाटली

टेंभी नाक्याहून जांभळी नाक्याच्या बाजारात जायचे, माल भरायचा, स्टेशनपर्यंत पोहोचवायचा आणि परत यायचे, एवढ्या कामासाठी आपल्या कित्येक व्यापारी बांधवांकडे आजही जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी आहे. ८०० चे उत्पादन २०१४ साली व ओम्नीचे २०१९ साली बंद झाले. कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी तर त्याआधीच थांबली होती. मुंबईच्या टॅक्सींमधूनही ती ३० ऑक्टोबर २०२३ पासून गेली. तेव्हा हाती असलेले इंजिन सांभाळणे हाच शहाणपणाचा व्यवहार. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि मध्येमध्ये पीयूसी, या वेळी धुराची चिंता वाढते आणि दुकानदार एक बाटली पुढे करतो. 'इंजिन आतून साफ होईल' असे तो सांगतो.

बाटल्या दोन प्रकारच्या असतात, हे आधी समजून घ्यावे. एक पेट्रोलच्या टाकीत ओततात, दुसरी इंजिन ऑइलमध्ये. पहिलीचा चेंबरमधील गाळाशी काही संबंध नाही. खरा धोका दुसरीचा, म्हणजे इंजिन फ्लशचा आहे.

गाळ होतो कसा? ऑइल वेळेवर न बदलल्याने, हे उघडच आहे. पण आपल्या शहरातील वापरही त्याला कारण आहे. दोन किलोमीटर गाडी चालवली, अर्धा वेळ कोंडीत उभी राहिली, इंजिन नीट तापण्याआधीच बंद केली. ज्वलनातून तयार झालेली वाफ आतच थिजते, न जळलेले पेट्रोल तिला मिळते आणि ऑइल दाट होत काळ्या चिखलासारखे चिकटून बसते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ पिवळा थर दिसला तर तो बहुधा या पाण्याचाच असतो. मात्र रेडिएटरमधील पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

फ्लशमध्ये रॉकेलच्या जातीचे पातळ द्रव आणि गाळ सोडवणारी रसायने असतात. जुन्या ऑइलमध्ये ते घालून इंजिन दहा-पंधरा मिनिटे जागेवरच, रेस न करता चालवायचे, गरम असतानाच ऑइल काढायचे आणि नव्या ऑइलबरोबर फिल्टरही बदलायचा, अशी रीत आहे. नियमित ऑइल बदललेल्या गाडीत यातून सहसा नुकसान होत नाही, पण तिला त्याची फारशी गरजही नसते. ज्या इंजिनात वर्षानुवर्षांचा थर आहे तेथे तो विरघळत नाही, त्याचे पोपडे सुटतात. ते ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात, दाब पडतो, बेअरिंग व क्रँकपर्यंत ऑइल पोहोचत नाही आणि थोड्या खर्चात साफ करायला निघालेले इंजिन उघडण्याची पाळी येते. शिवाय कडक झालेल्या सीलची फट कधीकधी गाळानेच बुजलेली असते; गाळ गेला की गळती सुरू. काही मिस्त्री फ्लशऐवजी डिझेल किंवा रॉकेल ओततात. ते स्वस्त आहे, पण ऑइल इतके पातळ होते की धातूवर धातू घासतो. आमच्या मते हे करूच नये.

त्यापेक्षा टॅपेट कव्हर उघडून पाहावे. आत तपकिरी रंग असेल तर चिंता नाही. जाड काळा थर असेल तर चेंबर उतरवून जाळी हाताने धुवावी. त्यानंतर कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे चांगले ऑइल भरून ते हजार-दीड हजार किलोमीटरवर फिल्टरसह दोन-तीन वेळा बदलावे. ऑइलमध्येच गाळ धरून ठेवणारे रसायन असते, ते सावकाश काम करते. ८०० ला एका वेळी सुमारे तीन लिटर लागते, म्हणजे खर्च फार नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबलेला असेल तर तोही बदलावा, अन्यथा गाळ पुन्हा जमेल. ऑइलचा दिवा लुकलुकला तर इंजिन तत्काळ बंद करावे.

निळा धूर असेल तर कॉम्प्रेशन तपासा. रिंग चिकटली असेल तर औषधाने क्वचित सुटते; बोअर झिजला असेल तर कोणतीही बाटली तो भरून काढत नाही.

पेट्रोलमधील औषधाबाबत थोडेच. एमपीएफआय गाडीत इंजेक्टर साफ करायला त्याचा उपयोग होतो, कार्बोरेटरचे जेट मात्र काढून धुतलेलेच बरे. २०२५ पासून पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते; ते जुन्या टाकीतील मळ सोडवते व जुने रबर फुगवते. म्हणून आधी पेट्रोल फिल्टर आणि पाइप पाहावेत.

गॅरेजवाल्या बांधवांनी बाटली ओतण्यापूर्वी गाडीमालकाला धोका स्पष्ट सांगावा आणि कव्हर उघडून आतील थर दाखवावा. गाडी ही अमानत आहे, आणि नंतर झालेल्या वादात गिऱ्हाईकही जाते. काढलेले ऑइल गटारात न ओतता डब्यात साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे. कायद्याने तो घातक कचरा आहे, आणि ठाण्याची गटारे शेवटी खाडीलाच मिळतात.