पुण्याचा तो कुंभार

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीवरून जाताना हल्ली मला एका माणसाची आठवण येते. त्याचे नाव मला ठाऊक नाही. इतिहासानेही ते नोंदवलेले नाही.

ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकात एक पत्र छापून आले. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. रीत अशी: मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करायचा, सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. भुवयांमधली पट्टी तेवढी तोडायची नाही, कारण रक्त तिच्यातूनच पोहोचते. वर काथाचा लेप, चार दिवसांनी तुपात भिजवलेले फडके, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापायची. काथ आणि तूप! दोन्ही आपल्या घरातल्याच वस्तू.

लंडनच्या जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये याच रीतीने शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. त्याने ‘भारतीय पद्धत’ असा उल्लेख केला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण हिशेब पाहा. रोग्याचे नाव राहिले, त्याला कंपनीचे पेन्शनही मिळाले. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या क्रूसो व फिंडले या डॉक्टरांची नावे राहिली. कावसजीचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचे राहिले. ज्याने नाक बसवले, त्याची फक्त जात राहिली.

दोष एकट्या साहेबाचा, असे मात्र मला म्हणवत नाही. आपण व्याख्यानांतून अभिमानाने थेट सुश्रुताकडे उडी मारतो. मधल्या कुंभाराचे नाव आपल्यापैकी तरी कोणी टिपून ठेवले? मिरजेस रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. वानलेस यांच्या नावाची वाडी आहे, आणि ती असावीच.

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. सहकाऱ्यांसह ३५९ शस्त्रक्रियांचा अहवाल त्यांनी २००३ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केला. पुढे अशाच स्वस्त जाळीची युगांडात रीतसर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आले: महाग जाळीच्या तुलनेत हर्निया पुन्हा होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. येथे दोंडाईच्याचे नाव पुसले गेले नाही, कारण लेखणी शल्यवैद्याच्याच हाती होती. कुंभाराकडे ती नव्हती.

पेशवे दफ्तरात एखाद्या इनामाच्या वा बिदागीच्या नोंदीत तो सापडेल काय? प्राध्यापक महाशयांनी शंका व्यक्त केली आहे. तरी मी मोडीचा वर्ग लावला आहे. सध्या वेग दिवसाला अर्धे पान.